मिठीआधीचे अंतर

न्यूयॉर्कच्या जेव्हिट्स सेंटरमध्ये भरणाऱ्या ‘कॉमिक कॉन’ या चाहत्यांच्या संमेलनात २०१४ साली मोठाले फलक लागले होते. त्यांवरच्या मजकुराचा आशय असा, की कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेष करणे) म्हणजे संमती नव्हे. रोख होता न विचारता फोटो काढणाऱ्यांवर आणि अंगचटीला येणाऱ्यांवर. पण ज्यांच्यासाठी हे फलक लागले त्यांतले बरेचजण स्वतःला अंगचटीला येणारे समजतच नाहीत. लंपट माणसाला आपण काय करतो आहोत हे नीट ठाऊक असते. त्याच्यासाठी सुरक्षारक्षक पुरेसा आहे. अवघड प्रकरण आहे ते भाबड्या चाहत्याचे. आवडत्या पात्राच्या वेषातली व्यक्ती दिसताच तो धावत जातो आणि तिला कवटाळतो. अमेरिकेतल्या अ‍ॅनिमे संमेलनांत या झेप घेऊन मारलेल्या मिठीला ‘ग्लॉम्प’ असे लाडके नावही मिळाले, आणि पुढे अनेक संमेलनांना ती नियम करून बंद करावी लागली. या चाहत्याचा बचाव एकच असतो: मी प्रेमाने केले. तो खोटे बोलत नाही. म्हणूनच प्रश्न विचारण्याजोगा आहे. प्रेम खरे असले, तर तेवढ्याने स्पर्शाचा हक्क मिळतो का?

आधी हे पाहायला हवे की मिठी कोणाला मारली जाते. चाहत्याचे प्रेम आहे पात्रावर. वर्षानुवर्षे पडद्यावर आणि पानांवर जोपासलेले. पात्राला मात्र अंग नसते. अंग असते ते पोशाखातल्या माणसाचे, आणि त्या माणसाची चाहत्याशी साधी तोंडओळखही नसते. चिलखत फोमचे तुकडे कापून, तापवून वाकवून, चिकटवून केलेले. खांद्याचा जोड जोरात दाबला की निखळतो. शिरस्त्राणातून समोरचे जेमतेम दिसते, बाजूचे नाहीच. विगखाली घाम, डोळ्यांत रंगीत लेन्स. अशा अवस्थेत मागून दोन हात पडले, तर ते कोणाचे आणि कशासाठी हे कळायच्या आत शरीर दचकलेले असते. प्रेम पोहोचते पात्राला, दचका बसतो माणसाला. या व्यवहारात एकाच्या भावनेचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर पडतो, आणि तो दुसरा हिशेबात कुठेच नसतो.

चाहतेपण ही भक्तीच आहे, आणि भक्तीला स्पर्श हवाच असतो, असे कोणी म्हणेल. मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत लोक तासन्‌तास उभे राहतात. मुखदर्शनाची सोय असूनही पायांवर डोके टेकवल्याशिवाय वारी झाली असे अनेकांना वाटत नाही. पण त्याच पंढरपुरात मूर्तीची झीज होते म्हणून वज्रलेप करावा लागतो, आणि २०२४ मध्ये मंदिराच्या संवर्धनाच्या कामासाठी पदस्पर्श दर्शन काही आठवडे बंद ठेवून मुखदर्शन तेवढे चालू होते. भक्तांनी ते मान्य केले. त्यामुळे कोणाची भक्ती उणी झाली नाही. मूर्तीला ‘नको’ म्हणता येत नाही, म्हणून तिच्या वतीने माणसे ठरवतात. पोशाखातल्या मुलीला म्हणता येते, आणि नेमके तिलाच कोणी विचारत नाही. दगडाच्या बाबतीत दाखवलेला विवेक माणसाच्या बाबतीत सुटावा, हे भक्तीच्या नावावर खपवता येणार नाही.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७९७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात प्रेम आणि आदर यांची जोडी लावली आहे. प्रेम माणसांना एकमेकांकडे ओढते, आदर त्यांना एकमेकांपासून अंतरावर ठेवतो, आणि नैतिक जग या दोन्ही बलांवर उभे असते, असा त्याचा विचार. आजन्म अविवाहित राहिलेल्या या गृहस्थाला मिठीतले काय कळणार, अशी थट्टा सहज करता येईल. पण मुद्दा पक्का आहे. अंतर हा प्रेमाचा अभाव नव्हे. समोरच्याला स्वतःची इच्छा आहे याची ती कबुली आहे. नुसत्या ओढीत समोरचा माणूस आपल्या भावनेचे निमित्त होऊन राहतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की विचारून मारलेल्या मिठीत उत्स्फूर्तता ती काय उरली? उत्स्फूर्तता हा गुण खराच, पण ती दोघांची असावी लागते. एकाची उत्स्फूर्तता दुसऱ्यासाठी निव्वळ अचानकपणा असतो. शिवाय विचारण्याचेही प्रकार आहेत. हात पसरून पुढे सरसावत ‘चालेल ना?’ म्हणणे हे विचारणे नव्हे, कारण तिथे नकार देणारी व्यक्ती सर्वांदेखत खडूस ठरते. नकार देणे जितके स्वस्त, तितकी परवानगी खरी. मोठ्या नावापुढे तर नकार फारच महाग होतो. विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्हच्या संमेलनांतल्या लगटीची तेव्हाच्या विज्ञानकथा-वर्तुळात सर्वांना कल्पना होती. १९६१ साली शिकागोच्या आगामी ‘वर्ल्डकॉन’ या विज्ञानकथा-संमेलनाच्या आयोजकाने त्याला चक्क स्त्रियांना मागून चिमटे काढण्याच्या कलेवर व्याख्यान द्यायचे आमंत्रण पाठवले होते, थट्टेच्या सुरात. अशा वातावरणात एखादी नवखी लेखिका गप्प बसली, तर त्या गप्प बसण्याला संमती म्हणायचे का? ‘मोफत मिठी’ची पाटी गळ्यात घालून फिरणाऱ्यांची गोष्ट निराळी, ते स्वतःपुरती परवानगी देतात. पण पाटीवाल्याने समोरच्यालाच गळ घालायला सुरुवात केली की तीही उलटते, आणि काही संमेलनांनी या पाट्याच बंद केल्या त्यामागचे एक कारण हेच.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा. मुंबईत २०११ पासून कॉमिक कॉन भरते. लोकलच्या गर्दीत रोज चेंगरणाऱ्या शहराला हा अंतराचा सोवळेपणा परका नाही का? नाही. गर्दीतला धक्का कोणाला उद्देशून नसतो, मिठी उद्देशून असते. हा भेद लोकलमधल्या बायकांना कोणी शिकवावा लागत नाही.

सर्वांत जड आक्षेप एकटेपणाचा. अनेकांसाठी वर्षातले हे दोन-तीन दिवस म्हणजे आपल्यासारखी माणसे भेटण्याची एकुलती जागा. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखणे काहींना मुळातच जमत नाही. त्यांच्यावर नियमांचा आणखी बोजा टाकायचा? या आक्षेपात कळकळ आहे, आणि उत्तर त्याच माणसांनी देऊन ठेवले आहे. ऑटिस्टिक लोकांच्या संमेलनांत रंगीत बिल्ल्यांची पद्धत रुजली: हिरवा म्हणजे या, बोला, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी, लाल म्हणजे सध्या कोणीच नको. पुढे ती इतर मेळाव्यांनीही उचलली. हा बिल्ला बोलण्यापुरता, पण तत्त्व स्पर्शालाही लागू पडते. ज्यांना खाणाखुणा वाचणे कठीण, त्यांनी खुणा वाचायला लावणारी रीत टाकून स्पष्ट विचारण्याची रीत निवडली. ‘उत्स्फूर्त’ वातावरणाचा फायदा होतो तो सफाईने वावरणाऱ्यांना. चाचपडणाऱ्याला स्पष्ट प्रश्न आणि स्पष्ट उत्तरच परवडते. आणि लाल बिल्ला लावलेला माणूसही तिकीट काढून, हौसेने, त्याच मेळाव्याला आलेला असतो.