पाहणाऱ्याचा वाटा

सामन्याचा निकाल लागताच प्रेक्षकाच्या तोंडून जे पहिले वाक्य बाहेर पडते, ते तपासून पाहण्याजोगे असते. तो म्हणतो, "आपण जिंकलो." मैदानावर घाम गाळणारे अकरा जण असतात आणि हा गृहस्थ घरच्या सोप्यावर चहाचा कप हातात धरून बसलेला असतो. तरीही त्या विजयाचा कर्ता तो स्वतःला करून घेतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. व्यवहारात दुसऱ्याच्या कमाईवर कुणी असा हक्क सांगितला, तर आपण त्याला लबाड म्हणू. खेळापुरता हा हक्क आपण सर्वांनीच मान्य केला आहे. तो कोणत्या आधारावर, आणि हक्क असेल तर त्यापोटी काही देणे लागते की नाही, हा प्रश्न २०२५ सालातील आमच्या आवडीचे क्रीडाप्रसंग आठवताना आमच्यासमोर उभा राहिला. त्याचा विचार त्याच प्रसंगांच्या आधाराने करावा, असे आम्ही योजले आहे.

आरंभी भाषेकडे लक्ष द्यावे लागते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही जेवलो' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण जेवलो' म्हटले की तो पंगतीत येतो. हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून मराठीत आला, असे अभ्यासक मानतात. गंमत अशी की, त्या कुळातील आजच्या कानडीने मात्र तो सोडून दिला आहे. तिथे 'नावु' या एकाच शब्दात दोन्ही अर्थ मावतात. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना हे दोन्ही वळण अंगवळणी पडलेले आहे. विजयानंतर आपल्या तोंडून 'आम्ही' निघतो की 'आपण', यात आनंदाची सारी नीती साठवलेली आहे, असे आम्हांस वाटते.

पहिला प्रसंग जॉर्जियातील बाटुमीचा. २८ जुलै २०२५ रोजी महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवले. दोन पारंपरिक डाव बरोबरीत सुटले आणि निर्णय जलद डावांवर गेला. विजयाबरोबर एकोणीस वर्षांची दिव्या ग्रँडमास्टरही झाली. तिचा जन्म झाला तेव्हा हंपीला तो किताब मिळून तीन वर्षे झाली होती. भारतीय स्त्रियांसाठी ही वाट २००२ साली हंपीनेच प्रथम पाडली होती. तेव्हा त्या दिवशी पटाच्या एका बाजूला वाट पाडणारी होती आणि दुसऱ्या बाजूला त्या वाटेने आलेली. मराठी माणसाला दिव्याचा अभिमान वाटला, तो योग्यच होता. पण हंपीच्या हरण्याचा आनंद कुणाला झाला असेल, असे संभवत नाही. आपल्या माणसाने जिंकावे ही इच्छा आणि समोरच्याने खाली पडावे ही इच्छा, या दोन वेगळ्या इच्छा आहेत. एरवी त्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की वेगळ्या करता येत नाहीत. त्या दिवशी त्या निवळून वेगळ्या दिसल्या.

आता कुणी म्हणेल, प्रेक्षक असतो म्हणून खेळाला अर्थ असतो. पाहणाऱ्याची साक्ष हाच त्याचा वाटा. हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही, आणि त्याला कारण आमच्याच मातीतले आहे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानातून जे मोजके खेळाडू गेले, त्यांत बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनच्या ४२.७५ किलोमीटरच्या त्या शर्यतीत, परक्या हवेत आणि अनोळखी रस्त्यांवर धावून त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळवला. वेळ दोन तास पन्नास मिनिटांच्या किंचित वर. तेव्हा बेळगावात नभोवाणीसुद्धा नव्हती. त्या धावेचा एक क्षणही इथल्या माणसांना पाहता येणे शक्य नव्हते. म्हणून ती धाव उणी ठरते काय? मुळीच नाही. पराक्रमाचे मोल पाहणाऱ्याने ठरत नाही. ते आधीच असते, पाहणारा ते फक्त ओळखतो, आणि पुष्कळदा फार उशिरा ओळखतो. मग प्रेक्षकाचा वाटा ही कमाई उरत नाही. आमच्या भागात तंबाखूच्या आणि उसाच्या हंगामाआधी घेतलेल्या पैशाला 'उचल' म्हणतात. प्रेक्षकाचा आनंद हा अशीच एक उचल आहे. ती आधी हातात पडते, फेडायची मात्र नंतर असते.

ही उचल फेडायची कशी? पहिला हप्ता प्रतिस्पर्ध्याच्या नावे जातो. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर १९४८ सालच्या डिसेंबरात पुण्यात काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. तेवढ्यात काठेवाडच्या संघाने पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला. महाराष्ट्र जिंकला, विक्रम मात्र राहिला. या गोष्टीत काठेवाडला दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस तिच्यातले दुसरे सत्य अधिक मोलाचे वाटते. प्रतिस्पर्धी उठून गेला की सर्वांत मोठा फलंदाजही एक धाव काढू शकत नाही. हरणारा मैदानात उभा राहतो म्हणूनच जिंकणाऱ्याला जिंकता येते.

याचीच उजळ बाजू ४ ऑगस्ट २०२५ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर दिसली. इंग्लंडला विजयासाठी सतरा धावा हव्या होत्या आणि शेवटचाच गडी उरला होता. ख्रिस वोक्सचा खांदा त्याच सामन्यात निखळला होता. डावा हात स्वेटरच्या आत झोळीत बांधून तो मैदानात आला. त्याला एकही चेंडू खेळावा लागला नाही, पण धावा काढण्यासाठी पळावे लागले आणि प्रत्येक पावलागणिक वेदना त्याच्या चेहऱ्यावर उमटत होती. प्रेक्षक उठून उभे राहिले. अखेर मोहम्मद सिराजने ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला आणि भारत सहा धावांनी जिंकला. याच सिराजने आदल्या दिवशी हॅरी ब्रूकचा झेल पकडताना सीमारेषेच्या दोरीवर पाय ठेवला होता, आणि एकोणीस धावांवर वाचलेल्या ब्रूकने पुढे शतक ठोकले होते. दोघांपैकी कुणाचा प्रसंग आम्ही मनात अधिक जपला आहे, हे सांगणे अवघड आहे. सिराजने आपल्या हातून निसटलेले परत मिळवले. वोक्सला तर मिळवण्यासारखे फारसे काही नव्हते, तरी तो आला. सिराजच्या यशाची उंची वोक्सच्या येण्याने वाढली, हे ज्याला दिसले त्याने पहिला हप्ता फेडला असे समजावे.

आमच्याकडच्या जत्रांतील कुस्त्यांच्या फडाला ही गोष्ट नवी नाही. हलगीच्या तालावर खडाखडी चालू असते, तांबड्या मातीत दावणगेरेचा मल्ल आणि कोल्हापूरचा मल्ल भिडलेले असतात, आणि भोवतालच्या गर्दीतून दोन्ही भाषांत आरोळ्या उठतात. चितपट झालेल्याच्या पाठीवर थाप पडते, त्याच्याही मुठीत जाणता प्रेक्षक नोट सारतो. ही रीत टिकवणे किती कठीण असते, तेही याच वर्षाने दाखवले. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही लढतींत मल्लांचे पंचांशी वाद झाले. एकाची मजल पंचांवर पाय उगारण्यापर्यंत गेली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद वेगळा. पण पंच हा त्या क्षणी खेळाचाच देह असतो. त्याच्यावर उगारलेला पाय स्वतःच्याच आखाड्यावर पडतो.

दुसरा हप्ता अधिक जड आहे, आणि तो आमच्याच राज्याच्या राजधानीशी निगडित आहे. ३ जून २०२५ रोजी अहमदाबादेत बंगळुरूच्या संघाने पंजाबवर सहा धावांनी मात करून अठराव्या मोसमात प्रथमच आयपीएलचे विजेतेपद मिळवले. दुसऱ्या दिवशी बंगळुरूत चिन्नस्वामी मैदानाबाहेर विजयोत्सवासाठी लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अकरा जण मृत्युमुखी पडले. सहा धावांच्या आनंदासाठी अकरा जीव, हा हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही. व्यवस्थेत कोण चुकले, हे ठरवण्याचे काम न्यायसंस्थांचे. प्रेक्षक म्हणून आम्हांस पडलेला प्रश्न निराळा आहे. गर्दीतला प्रत्येक जण 'आपण' म्हणतच तिथे गेला होता. पण 'आपण' म्हणजे शेजारी उभा असलेला, श्वासासाठी धडपडणारा माणूसही होय, हे गर्दीला कळत नाही. दूरच्या खेळाडूला कवेत घेणारा आणि हातभर अंतरावरच्या माणसाला विसरणारा 'आपण' हा पोकळ असतो. ज्याला आनंद थोडा उशिरा घेता येतो, चार पावले मागे सरून घेता येतो, तोच आनंदाला पात्र होतो.

याच विजयाने आमच्या घराघरांतून एक बारीकसा पेचही निर्माण केला. नातवंडांनी बंगळुरूचे लाल झेंडे फडकवले आणि आजोबांच्या कपाळाला आठी पडली. १ नोव्हेंबर १९५६ पासून ज्यांनी आपली भाषा आणि आपले घर वेगवेगळ्या नकाशांत पाहिले, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्याकडे ज्यांचे डोळे लागून राहिले, त्यांच्या आठीला हसणे योग्य नव्हे. ज्याला 'तुम्ही कोण?' या प्रश्नाचे उत्तर कागदोपत्री वारंवार द्यावे लागते, त्याला 'आपण' हा शब्द सैल हाताने वापरता येत नाही. तरीही नातवंडांची बाजू आम्हांस पटते. खेळातली बाजू ही आवडीने धरलेली असते, तिच्यासाठी कुणाला आपली मायबोली गहाण ठेवावी लागत नाही. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना बंगळुरूच्या महिला संघाची कर्णधार होती आणि २०२४ च्या मार्चमध्ये तिनेच त्या शहराला पहिला करंडक मिळवून दिला. ती कुणाची? सांगलीची म्हणावे तर बंगळुरूने तिला डोक्यावर घेतले, बंगळुरूची म्हणावे तर तिची बॅट सांगलीत घडली. फडेप्पा चौगुल्यांचे नाव कानडी वळणाचे, आडनाव मराठीत रुळलेले, आणि ते धावले तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते. त्यांना आज एकाच रकान्यात बसवू पाहणारा माणूस त्यांच्या पायांपेक्षा रकान्याला मोठा समजतो. सीमेचा प्रश्न खेळाने सुटणार नाही, खेळाने तो सोडवावा अशी अपेक्षाही धरू नये. मात्र न्यायाचा आग्रह न सोडताही 'आपण' म्हणण्याचा सराव खेळ आपल्याकडून करून घेतो, आणि हा सराव शेजारधर्माला उपयोगी पडतो.

तिसरा हप्ता लक्ष देण्याचा. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी नेपाळला हरवून अजिंक्यपद मिळवले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. पुण्याच्या ज्या डेक्कन जिमखान्याने या खेळाला नियमांची चौकट दिली, त्याच संस्थेच्या मैदानावरून चौगुल्यांच्या ऑलिंपिकवारीची सुरुवात झाली होती. आपल्याच अंगणातला हा खेळ जगज्जेता झाला, तेव्हा आपल्यापैकी कितीजण पाहत होते? विजयानंतर टाळी वाजवायला काही खर्च येत नाही. गावातले खो-खोचे मैदान वाहनतळ होऊ न देणे, शाळेतल्या पोरींना संध्याकाळी खेळायला सोडणे, तालमीच्या छपराला चार पत्रे देणे, याला खर्च येतो. उचल फिटते ती इथे.

अखेरीस २ नोव्हेंबर २०२५ ची नवी मुंबईतील रात्र. तीन दिवस आधी जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांनी ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे आव्हान पार झाले होते. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट शतक झळकावूनही हरली आणि भारतीय महिलांनी प्रथमच विश्वचषक जिंकला. पण आमच्या आवडीचा क्षण त्यानंतरचा आहे. जिंकलेल्या मुलींनी तो करंडक मिताली राज आणि झूलन गोस्वामी यांच्या हाती दिला. या दोघी २००५ आणि २०१७ असे दोन अंतिम सामने हरलेल्या. कर्णधार हरमनप्रीत कौर प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांच्या पाया पडली. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही मुझुमदारांना भारताकडून एकदाही खेळायला मिळाले नाही. १९८८ साली शालेय सामन्यात सचिन आणि विनोद यांची ६६४ धावांची भागी चालू असताना ते पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते, ती पाळी आलीच नाही.

त्या रात्री जिंकणाऱ्यांनी स्वतःच प्रश्नाचे उत्तर दिले. विजयावर ज्यांचा पहिला हक्क होता, त्यांनी 'आम्ही' म्हणण्याऐवजी 'आपण' म्हटले, आणि त्या शब्दात हरलेल्यांना व पाळी न आलेल्यांना बसवून घेतले. हे करण्याचा अधिकार त्यांना होता, कारण घाम त्यांचा होता. घाम न गाळता तोच शब्द उच्चारणाऱ्या आपल्यासारख्यांनी निदान तितकीच पंगत वाढवावी. तेवढे केले, की सोप्यावर बसून म्हटलेले "आपण जिंकलो" हे वाक्य लबाडीचे उरत नाही.