लोणासुर आजारी होता का?

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १३ ते १५ आणि २१



गेल्या महिन्यात आईला घेऊन लोणारला गेले होते. आमचं गाव मेहकर तालुक्यात, त्यामुळे दैत्यसूदनाचं दर्शन लहानपणापासूनचं. चालुक्यांच्या काळातलं हे मंदिर. गाभाऱ्यात विष्णू उभा आणि त्याच्या पायाखाली लवणासुर, म्हणजे आपला लोणासुर. (रामायणात शत्रुघ्नाने मथुरेकडे मारलेला लवणासुर वेगळा, हा बुलढाण्याचा.)

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. लोणासुर जमिनीखाली विवरात राहायचा, वर दगडाचं झाकण. बाहेर यायचा, लोकांना छळायचा, देवांनाही आव्हान द्यायचा. तो नेमका कुठे लपतो ते कुणाला कळेना. मग विष्णू देखण्या तरुणाचं रूप घेऊन आला. असुराच्या दोन बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि त्यांनी भावाची जागा सांगितली. देवाने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवलं आणि त्याला मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त आणि त्यातला खार म्हणजे त्याचं मांस, असं सांगतात. उल्केच्या आघाताने ते विवर झालं हे आपण शाळेत शिकलो, पण आईसाठी ते आजही लोणासुराचंच घर आहे.

पायऱ्यांवर बसल्यावर मी तिला म्हणाले, "आई, आजच्या काळात असता तर डॉक्टर म्हणाले असते, याला नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. मीच मोठा, सगळं माझं, दुसऱ्याचं दुःख दिसतच नाही. हा एक मानसिक आजार असतो."

आईने जरा विचार केला. "बिमार व्हता, त मंग देवानं त्याले मारलं काहून? बिमार माणसाले त दवाखान्यात नेतात."

मला उत्तर देता आलं नाही.

खरं सांगायचं तर मी लोणासुराबद्दल बोलतच नव्हते. मी दादाबद्दल बोलत होते. बाबा गेल्यावर शेताच्या हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून तो मागे लागलाय. घरातलं सगळं मी केलं, तुम्ही काय केलं, हे त्याचं रोजचं. एक दिवस रील पाहिली, 'नार्सिसिस्ट ओळखायच्या नऊ खुणा'. मी मोजल्या. दादाच्या सात निघाल्या. त्या रात्री इतकं हलकं वाटलं की काय सांगू! मग चार महिने त्याचा फोन उचलला नाही.

नऊ खुणांची यादी खरी आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम नावाच्या नियमावलीत हा विकार १९८० साली आला. नऊपैकी किमान पाच खुणा लागतात, हेही खरं. पण तेवढंच नसतं. तो स्वभाव तरुणपणापासून सगळीकडे तसाच दिसावा लागतो, त्याने आयुष्यात खरा अडथळा किंवा त्रास व्हावा लागतो, आणि हे सगळं प्रशिक्षित माणसाने समोर बसून, वेळ देऊन तपासायचं असतं. शेताच्या वाटणीवरून चिडलेल्या बहिणीने रात्री दीड वाजता मोबाइलवर मोजायचं नसतं.

घरी येऊन सोळावा अध्याय उघडला. लोणासुराच्या गोष्टीत त्याच्या तोंडी फारसं बोलणं नाही. असुर मनात काय बोलतो ते गीतेत सापडतं, तेराव्या ते पंधराव्या श्लोकांत. आज हे मिळवलं, उद्या ते मिळवणार. हा शत्रू संपवला, बाकीचेही संपवणार. मालक मीच, यशस्वी मीच, माझ्या तोडीचं आहे कोण. वाचताना मी मनात म्हणत होते, अरे, हा तर अगदी दादा!

मग मोठ्याने म्हणायला लागले, पाठ करायचा म्हणून. आणि अडखळले. हे श्लोक 'मी' म्हणत बोलायचे आहेत. दुसऱ्याकडे बोट दाखवत ते म्हणताच येत नाहीत. शिवाय त्या असुराच्या यादीत यज्ञ करीन आणि दान देईन हेही आहे! म्हणजे देवाधर्माचं करणाराही त्यात आला. रोज सकाळी चिंतन लिहून किती जणांनी वाचलं ते पाहणारी मीही आले. 'दादाला अध्यात्म कळत नाही, मला कळतं' हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलंय, ते मोजायला कुठली रील नाही लागली.

मला वाटतं, डॉक्टरांचा शब्द आणि गीतेचा शब्द वेगवेगळ्या कामाचे आहेत. डॉक्टर विचारतो, हा माणूस असा कशाने झाला आणि याला मदत कशी करता येईल. गीता वाचणाऱ्यालाच विचारते, तू मनात काय पोसतोयस? एकविसाव्या श्लोकात काम, क्रोध आणि लोभ ही तीन दारं सोडून दे असं सांगितलंय. सोडता येत असेल तरच कुणी 'सोड' म्हणेल ना? मी मात्र डॉक्टरांचा शब्द घेतला आणि त्याने शिव्या दिल्या. 'असुर' म्हणायला लाज वाटली असती, 'नार्सिसिस्ट' म्हणताना शहाणं वाटलं.

याचा अर्थ छळ सोसत राहा, असा अजिबात नाही. आजारी असो वा नसो, लोकांना छळणाऱ्याला थांबवावंच लागतं. देवानेही लोणासुराला मोकळं सोडलं नाही. घरात कुणी त्रास देत असेल तर ते सांगायलाच हवं, त्या बहिणींनीही सांगितलं. पण त्यांनी भाऊ कुठे आहे एवढंच सांगितलं. मी तर भाऊ काय आहे ते कायमचं ठरवून टाकलं.

आईच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर अजून माझ्याकडे नाही. आपल्या भक्तिपरंपरेत देवाच्या हातून मेलेला असुर सुटतो, त्याला सद्गती मिळते असं मानतात. म्हणजे देवाचं मारणंही एका अर्थी दवाखान्यात नेणंच असेल. माझ्या शिक्क्याने मात्र कुणी सुटत नाही, दादाही नाही आणि मीही नाही.

परवा मी त्याला फोन केला. पहिली दहा मिनिटं त्याने नवीन ठिबक कसं एकट्याने बसवलं ते सांगितलं. मी ऐकलं. मग म्हणाले, "दादा, सही मी करणार नाही. पण दिवाळीला येते." तो चिडला, फोन ठेवला. रात्री आईच्या फोनवरून त्याचा निरोप आला, येताना आईची औषधं पुण्याहूनच आण म्हणून.

आजचा संकल्प : ज्या माणसाला मनात एखादं लेबल लावलंय, त्याचं नाव आठवा आणि हे तीन श्लोक स्वतःच्या आवाजात, 'मी' म्हणत वाचा.

दैत्यसूदना, झाकण माझ्याही मनावर आहे. तुझा अंगठा लागू दे.

राम कृष्ण हरी.