शेवटचा क्षण आणि बाकीचे सगळे



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ८, श्लोक ५ ते ७

आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन एका दमात सात प्रश्न विचारतो. ब्रह्म म्हणजे काय, अध्यात्म म्हणजे काय, कर्म म्हणजे काय... पहिले सहा असे अभ्यासाचे आहेत. सातवा मात्र काळजाला हात घालणारा: मरणाच्या वेळी तुला ओळखायचं कसं? भगवंत सांगतात, शेवटी जो माझं स्मरण करत देह सोडतो, तो मलाच येऊन मिळतो. आणि पुढे नियमच सांगून टाकतात, की जाताना मनात जे असतं, माणूस तिथेच पोचतो.

आमचे आबा गेले, त्याला आज पंधरा दिवस झाले. वय ८६. एसटीत ३३ वर्षं कंडक्टर होते. खांद्याला पैशांची कातडी बॅग, हातात तिकिटांची पेटी आणि ओठांवर पुटपुटत हरिपाठ. मुक्कामाची गाडी असली की रात्री गाडीतच झोपायचे, पण हरिपाठ झाल्याशिवाय नाही. सुट्या पैशांवरून कोणी कितीही भांडलं तरी आबांचं उत्तर एकच, "बरं माउली." दर आषाढीला माउलींची पालखी आमच्या फलटणला यायची, तेव्हा ड्यूटी संपवून त्याच खाकी कपड्यांत दर्शनाला जायचे.

असा माणूस गेला मात्र आयसीयूमध्ये. नळ्या लावलेल्या, झोपेचं औषध चालू, दार बंद. तुळशीपत्र नाही, गंगाजल नाही, उशाशी कुणी नाव घेणारं नाही. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला, सगळ्यांना हायसं वाटलं. पण रात्री आजी हळूच म्हणाली, "बाळा, ह्यांना शेवटी पांडुरंग आठवला असेल का रे? शुद्धच नव्हती ना..."

आपल्यापैकी कितीतरी घरांत हा प्रश्न असाच कुणाच्या तरी मनात अडकून आहे. गेल्या काही वर्षांत किती जणांची माणसं बंद दाराआड गेली. आणि पाचवा श्लोक एकटाच वाचला तर तो धीर देत नाही, उलट भीतीच घालतो. सगळं आयुष्य शेवटच्या एका क्षणावर टांगलंय की काय, असं वाटतं.

म्हणून सहावा श्लोक शेवटपर्यंत वाचायचा. त्यात भगवंत कारण देतात: माणूस ज्या भावात कायम मुरलेला असतो, तेच त्याला शेवटी आठवतं. म्हणजे शेवटचा क्षण स्वतंत्र नाही, तो आधीच्या हजारो क्षणांतूनच घडत येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर रिलीजच्या रात्री कुणी नवीन कोड लिहायला बसत नाही. वर्षभर जे कमिट केलंय, तेच लाइव्ह जातं.

आणि सातवा श्लोक बघा. एवढं मरणाबद्दल बोलून झाल्यावर भगवंत 'म्हणून' असं म्हणतात आणि पुढे मरणाची तयारी सांगतच नाहीत. ते म्हणतात, म्हणून सगळ्या वेळी माझी आठवण ठेव, आणि लढ. दोन्ही एकत्र. स्मरणासाठी अर्जुनाला रथातून उतरायला सांगितलं नाही, आणि आबांनाही गाडीतून उतरावं लागलं नाही. खचाखच भरलेली गाडी, घाटरस्ता, शेवटच्या माणसापर्यंत तिकीट पोचवायचं, ही त्यांची लढाई होती. नाव त्या लढाईतच चालू होतं.

आजीला मी एवढंच म्हणालो, "आजी, शेवटच्या दोन दिवसांत त्यांच्या मनात काय होतं, हे मला सांगता येणार नाही. पण त्याआधीच्या साठ वर्षांची साक्षीदार तूच आहेस. रोज संध्याकाळी टाळ कुणी काढून दिले त्यांना?" ती रडली खूप. मग म्हणाली, "मीच की."

रडू नये असं मला अजिबात म्हणायचं नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले, खुंटीवरची टोपी तशीच आहे. दुःख होणारच. पण आपल्या भाषेत देवाचंही स्मरण आणि गेलेल्या माणसाचंही स्मरणच, शब्द एकच. आबांच्या फोटोला हार घालणं हे एक स्मरण. ते ज्याचं नाव घेत होते, ते नाव आपल्या तोंडी येणं, हे त्याच्या पुढचं. तिथे आबा आणि आबांचा विठोबा दोघं एकदमच आठवतात.

आजचा संकल्प: तुमच्या घरातल्या गेलेल्या एका माणसाची रोजची एक सवय आठवा. आजीचं तुळशीला पाणी घालणं असेल, आजोबांचं जेवणाआधी हात जोडणं असेल. ती एकच सवय आजपासून आपल्या धावपळीत बसवा. लोकलमध्ये, स्टँडअप मीटिंगच्या आधी, कुठेही चालेल. वेळ वेगळा काढायची अट भगवंतांनीच ठेवलेली नाही.

राम कृष्ण हरी!