अखंड रेषा

वेवजी हे तलासरी तालुक्याच्या टोकाचे गाव. पलीकडे गुजरातचे सोळसुंबा. १ मे १९६० रोजी राज्ये विभागली आणि मध्ये हद्द आली; ती नेमकी कोठून जाते यावरून अलीकडेही वाद झाले. वाटसरूला ती हद्द दिसत नाही. दिसते ती डांबरावर रंगवलेली पांढरी रेषा. ती तुटक असेल तर पुढचा रस्ता पाहून ओलांडता येते. अखंड असेल तर ओलांडायची नसते.

काही वर्षांपूर्वी एका आजाऱ्याला अंतिम संस्कार देण्यासाठी आम्ही या भागातून घाईने चाललो होतो. वळणावर पुढे गवताने भरलेला टेम्पो होता. अखंड रेषा ओलांडून आम्ही गाडी पुढे काढली. समोरून एक आदिवासी बांधव सायकलवर येत होता, मागे त्याचा लहानगा मुलगा. त्याने सायकल रस्त्याखाली घातली. दोघेही चरात पडले. आम्ही धावत गेलो. दैवकृपेने फारसे लागले नव्हते. मुलाचे कपडे झटकीत तो आम्हांलाच हात जोडून म्हणाला, "जा फादर, तिकडे माणूस वाट बघत असेल." जणू चूक त्याचीच होती! तेथे पोलीस नव्हता. पावती फाटली नाही. मग आमच्याकडून काय घडले? निव्वळ नियमभंग, की पाप?

हा प्रश्न जुना आहे. काही कायदे केवळ दंडात्मक असतात, ते सदसद्विवेकबुद्धीला बांधीत नाहीत. पकडले गेल्यास दंड भरला की कर्तव्य संपले, असे मत नीतिशास्त्रात दीर्घकाळ नांदले. फ्रान्सिस्को सुआरेझ या येशूसंघीय पंडिताने १६१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कायदाविषयक ग्रंथात त्याचे समर्थन केले. सेमिनरीत हे शिकताना आम्हांला ते सोयीचे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

परंतु वेवजीच्या हद्दीवर उभे राहून हे मत तपासून पाहावे. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याने हेल्मेट न घालण्याचा दंड १००० रुपये केला. गुजरातने त्याच वर्षी तो ५०० वर आणला. महाराष्ट्राने सुधारित दंडाची अंमलबजावणी लांबवून ती डिसेंबर २०२१ मध्ये सुरू केली. कर्तव्य जर दंडापुरतेच असेल, तर हद्द ओलांडताच ते कमीअधिक झाले असे म्हणावे लागेल. माणसाचे मस्तक मात्र दोन्ही राज्यांत सारखेच नाजूक असते. तेव्हा दंड हे कर्तव्याचे मूळ नव्हे. ते विसराळू मनासाठी केलेले स्मरण आहे.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते कायदा म्हणजे सर्वांच्या हितासाठी विवेकाने केलेली व्यवस्था. न्याय्य कायदा म्हणूनच सदसद्विवेकाला बांधतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात वेगमर्यादेचा स्पष्ट उल्लेख केला आहे. असे नियम क्षुल्लक मानणारा स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतो, असा त्याचा आशय आहे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मृत्यू पावले. दोघेही मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते. मागच्या आसनावरही पट्टा बांधावा हा नियम तेव्हाही होता. परंतु त्यासाठी कोणी अडवीत नसे, म्हणून आपण सारेच तो नसल्यासारखे वागत होतो.

कोणी म्हणेल, आमची घाई पुण्यकर्मासाठी होती. परंतु एका आत्म्याच्या सांत्वनासाठी दुसऱ्याचे लेकरू पणाला लावण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? अखंड रेषा इतकेच सांगते की पुढचे तुला दिसत नाही, आणि जे दिसत नाही तेथेही कोणीतरी आहे. न दिसणाऱ्या शेजाऱ्यावर प्रीती करण्याची ही अगदी साधी रीत आहे.

त्या दिवशीच्या अपराधाचा दंड आम्ही कधी भरला नाही. पापनिवेदन मात्र केले. आता त्या वळणावर टेम्पोच्या मागे सावकाश जाताना उशीर होतो, तो होऊ देतो.