साठा, संस्कार आणि परिग्रह

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलण्याचा प्रश्न वरवर पाहता बाजारातील निवडीचा वाटतो. परंतु वापरणाऱ्याचे काम, पत्रव्यवहार, हिशेब आणि छायाचित्रे यांचा कायमचा साठा त्या यंत्राच्या याच भागात असतो, आणि त्यामुळे पडदा किंवा बॅटरी बदलताना न उद्भवणारे तीन प्रश्न येथे उभे राहतात. साठ्याचे पात्र बदलल्यावर यंत्र तेच राहते काय, त्या साठ्याला स्मृती म्हणता येईल काय, आणि त्यातील किती पुढे नेणे उचित ठरेल, असे ते प्रश्न होत. भारतीय दर्शनांनी अवयव आणि अवयवी, संस्कार आणि स्मृती, परिग्रह आणि त्याग यांविषयी जो विचार केला आहे तो या तिन्ही प्रश्नांना लागू पडतो, आणि त्याच्या आधारे केलेली निवड व्यवहाराच्या कसोटीवरही अधिक नेमकी उतरते.

वस्तुस्थिती प्रथम पाहणे आवश्यक आहे. २०१२ च्या सुमारास विकल्या गेलेल्या सामान्य लॅपटॉपमध्ये अडीच इंची हार्ड डिस्क असे. तिच्यात चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला बहुधा ५४०० फेऱ्या घेतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अत्यल्प अंतरावर तरंगणारे टोक माहिती लिहिते व वाचते. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये पहिले असे यंत्र बाजारात आणले तेव्हा त्यात ५० मोठ्या तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढील काळात आकार घटला, क्षमता प्रचंड वाढली, पण फिरणारी तबकडी आणि सरकणारा दांडा ही रचना कायम राहिली. त्या दांड्याला योग्य जागी पोहोचण्यास लागणारे सेकंदाचे सुमारे शंभरावे अंश हेच जुन्या लॅपटॉपच्या मंदगतीचे प्रमुख कारण असते. एसएसडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साठवण-ड्राइव्हमध्ये हलणारा भागच नसतो. तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश तंत्रानुसार तिच्यातील सूक्ष्म कोशांत, म्हणजे विद्युतभार धरून ठेवणाऱ्या कप्प्यांत, माहिती राहते.

या दोहोंत एसएसडी श्रेष्ठ आहे हे मान्य केले तरी सर्वांत वेगवान एसएसडी प्रत्येक यंत्राला योग्य ठरत नाही. जुन्या लॅपटॉपमधील जोडणी साटा प्रकारची असते आणि तिच्या तिसऱ्या पिढीतही प्रत्यक्ष वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटच्या पुढे जात नाही. एनव्हीएमई या नव्या पद्धतीच्या पट्टीवजा ड्राइव्ह याच्या कितीतरी पट वेग देतात, पण केवळ साटासाठी बनवलेल्या खाचेत ती पट्टी बसली तरी यंत्र तिला ओळखत नाही. साधन साधकाच्या अधिकारानुसार, म्हणजे त्याच्या योग्यतेनुसार आणि सामर्थ्यानुसार, निवडावे असे जे तत्त्व धर्मशास्त्रात व वेदान्तात मानले गेले, तेच येथे लागू होते. अशा लॅपटॉपचा अधिकार अडीच इंची साटा एसएसडीचा आहे. त्याहून महाग साधनाने त्याला काहीही अधिक मिळत नाही.

आता पहिला प्रश्न. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांपासून उत्पन्न झालेली अखंड वस्तू, ही अवयवांच्या बेरजेहून वेगळी आणि खरोखर अस्तित्वात असलेली वस्तू असते. तंतूंपासून वस्त्र होते, पण वस्त्र म्हणजे तंतूंचा ढीग नव्हे. या मताची किंमत मात्र मोठी आहे, कारण अवयवी जर अवयवांच्या संयोगावर अवलंबून असेल तर एक तंतू निघताच पूर्वीचे वस्त्र नष्ट झाले आणि उरलेल्या तंतूंपासून नवे खंडपट निर्माण झाले असे मानावे लागते, आणि वैशेषिकांनी तसे मानलेही. या न्यायाने लॅपटॉप पेचकसाच्या पहिल्या फेऱ्यांतच संपतो आणि नवी ड्राइव्ह बसल्यावर दुसरा लॅपटॉप उत्पन्न होतो. ‘तोच हा’ अशी जी प्रत्यभिज्ञा, म्हणजे पूर्वी अनुभवलेल्या वस्तूची ओळख, मालकाला होते ती सादृश्यामुळे झालेली समजावी लागते.

बौद्धांनी हा पेच अवयवी नाकारूनच सोडवला. मिलिंदपञ्ह या ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की चाक, आस आणि जू यांपैकी कशालाही रथ म्हणता येत नाही व त्यांच्याबाहेरही रथ सापडत नाही. रथ हा व्यवहारासाठी वापरलेला संकेत आहे. जे टिकल्यासारखे दिसते तो क्षणाक्षणाला नव्याने उत्पन्न होणाऱ्या घटनांचा संतान, म्हणजे अखंड प्रवाह असतो. एसएसडीची अंतर्गत रचना या मताला अनपेक्षित पुष्टी देते. फ्लॅशचा प्रत्येक कोश ठरावीक वेळा पुसला व लिहिला गेल्यावर झिजतो, म्हणून ड्राइव्हमधील नियंत्रक ही झीज सर्वत्र सारखी वाटली जावी यासाठी माहिती सतत एका जागेवरून दुसऱ्या जागी लिहीत राहतो आणि जुनी जागा नंतर पुसतो. मालकाने वर्षानुवर्षे न उघडलेले छायाचित्रही अशा रीतीने त्याच्या नकळत अनेकदा स्थलांतरित झालेले असू शकते, आणि तरीही ते ‘तेच’ मानले जाते. जुन्या ड्राइव्हची संपूर्ण प्रतिकृती नव्या ड्राइव्हवर उतरवणे, ज्याला क्लोनिंग म्हणतात, हे या नित्य स्थलांतराचेच मोठे रूप आहे.

तथापि प्रवाहाच्या कल्पनेने सर्व अडचणी सुटत नाहीत. ग्रीक परंपरेतील थीसियसच्या, एकेक फळी बदलत गेलेल्या, जहाजाची चर्चा करताना इंग्रज तत्त्वचिंतक थॉमस हॉब्स यांनी १६५५ मधील ‘डी कॉर्पोरे’ या ग्रंथात असा प्रश्न केला, की बदललेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले तर खरे जहाज कोणते. क्लोनिंगनंतर हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो, कारण मूळ ड्राइव्ह नष्ट झालेली नसते. ती दुसऱ्या सुसंगत लॅपटॉपमध्ये बसवली तर तीही त्याच खात्यांनिशी व त्याच कागदपत्रांनिशी सुरू होऊ शकते, आणि एका प्रवाहाचे दोन प्रवाह होतात. ‘तेच’पणा जर केवळ साठ्यात असता तर दोन्ही यंत्रे एकच ठरली असती, आणि हे कोणालाही मान्य होण्यासारखे नाही.

पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील नवकलेवर विधी या संदर्भात विचारात घेण्यासारखा आहे. अधिक आषाढ येणाऱ्या काही विशिष्ट वर्षी, अलीकडे १९९६ आणि २०१५ मध्ये, तेथील काष्ठमूर्ती कडुनिंबाच्या लाकडातून नव्याने घडवल्या जातात. ब्रह्मपदार्थ म्हणून ओळखला जाणारा गूढ अंश डोळे बांधलेले सेवक रात्रीच्या अंधारात जुन्या मूर्तीतून नव्या मूर्तीत ठेवतात आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातील कोइली वैकुंठ या जागी समाधी दिली जाते. तेथे देह बदलतो आणि अंतःस्थ अंश तोच राहतो. लॅपटॉपमध्ये बाह्य देह तोच राहून अंतःस्थ अंश बदलतो. पण या विधीत महत्त्वाची गोष्ट अशी की जगन्नाथाची ओळख ना लाकडावर सोडलेली आहे ना त्या अंशावर एकट्यावर. विधी, सेवक, भक्त आणि स्थान यांच्या अखंड संबंधात ती टिकते. लॅपटॉपच्या बाबतीत असा संबंध एकच आहे, आणि तो म्हणजे वापरणाऱ्याचे प्रयोजन. ज्या कामासाठी यंत्र ठेवले आहे ते काम चालू राहिले तर यंत्र तेच आहे, असे व्यवहारापुरते म्हणण्यास हरकत नाही. त्याहून अधिक खोल ‘तेच’पणा त्याच्यात शोधणे व्यर्थ आहे.

दुसरा प्रश्न स्मृतीचा. वैशेषिकांनी संस्कार या गुणाचे तीन प्रकार सांगितले: वेग, स्थितिस्थापक आणि भावना. फेकलेल्या दगडाची गती टिकवतो तो वेग, वाकवलेली फांदी पूर्ववत करतो तो स्थितिस्थापक, आणि अनुभवातून उत्पन्न होऊन पुढे स्मरणाला कारण होते ती भावना. पहिले दोन जड द्रव्यांत राहतात. भावना मात्र केवळ आत्म्यात राहते, असा त्यांचा निश्चय आहे. त्यामागील युक्ती न्यायसूत्रांत येते: ज्याने डोळ्यांनी पाहिले तोच ‘हे मी पाहिले होते’ म्हणून स्पर्शाने ओळखतो, एकाचा अनुभव दुसऱ्याला आठवत नाही, म्हणून अनुभवणारा आणि आठवणारा एकच असला पाहिजे. आत्म्याचे अस्तित्व मान्य नसणाऱ्यालाही या युक्तीतून एवढे घेता येते, की अनुभवल्याशिवाय आठवणे संभवत नाही. फ्लॅशमधील विद्युतभाराने काहीच अनुभवलेले नसते. तो वाकलेल्या फांदीसारखी जडाची एक अवस्था असतो, आणि म्हणून ड्राइव्हमध्ये स्मृती नसते, नोंद असते.

परंतु नोंद आणि स्मृती यांचा संबंध तुटक नाही. सुप्त संस्कार जागा होण्यास काही उद्बोधक, म्हणजे जागे करणारे निमित्त लागते, आणि न्यायसूत्रांत अशा निमित्तांची जी दीर्घ यादी आहे तीत सादृश्य, चिन्ह, वियोग, सुख आणि दुःख यांच्याबरोबर परिग्रहाचाही उल्लेख आहे. मालकीची वस्तू पाहून तिचा मालक आठवतो आणि मालकाला पाहून वस्तू आठवते. त्यामुळे साठवलेल्या छायाचित्राला सरसकट निरर्थक संग्रह म्हणता येत नाही, कारण दिवंगत आईचे एखादे छायाचित्र खऱ्या अर्थाने उद्बोधक असते. एकाच प्रसंगाची चाळीस जवळपास सारखी छायाचित्रे मात्र उद्बोधकाचे काम करीत नाहीत, कारण त्यांच्यातून काही आठवण्यापूर्वी त्यांच्यातून शोधावे लागते.

येथून तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे किती पुढे न्यावे याकडे, वळता येते. योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी एक आहे आणि जैन परंपरेत तो पाच महाव्रतांपैकी एक आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची आसक्तीची गुंगी, असे केलेले आहे. या व्याख्येचे वैशिष्ट्य असे की तिच्यात वस्तूंची संख्या मोजलेली नाही. संपूर्ण क्लोन घेणारा मनुष्य परिग्रही आणि मोजक्या फाइली नेणारा अपरिग्रही असे म्हणूनच ठरत नाही. हिशेबाची जुनी कागदपत्रे कायद्याने जपावी लागतात, आणि ती जपणे ही मूर्च्छा नव्हे. कशाला उपयोग आहे हे न तपासता, केवळ टाकवत नाही म्हणून सर्व काही नव्या ड्राइव्हवर ओतणे ही मात्र मूर्च्छा आहे. त्या दृष्टीने कोऱ्या ड्राइव्हवर कार्यप्रणाली नव्याने बसवून आवश्यक तेवढेच निवडून आणणे हा मार्ग अधिक श्रमाचा असला तरी अधिक जागरूक आहे, आणि त्यात जुन्या प्रणालीतील दोषही मागे राहतात.

क्षमतेची निवडही याच कसोटीवर करता येते. प्रत्यक्षात दीडशे-दोनशे गिगाबाइट वापरणाऱ्याला ५०० गिगाबाइटची ड्राइव्ह पुरेशी असते. तिच्यात थोडी जागा मोकळी राहणे इष्टही आहे, कारण नियंत्रकाला माहिती हलवण्यास ती लागते. टिकाऊपणाविषयीची भीती बहुधा अनाठायी असते. प्रत्येक कोशात तीन बिटे ठेवणाऱ्या, टीएलसी प्रकारच्या, या क्षमतेच्या अनेक ड्राइव्हना उत्पादक ३०० टेराबाइट इतक्या लेखनाची हमी देतात. रोज २० गिगाबाइट लिहिले तरी वर्षाला सुमारे ७.३ टेराबाइट होतात, म्हणजे लेखनाच्या हिशेबाने ती ४० वर्षांहून अधिक पुरेल आणि लॅपटॉपचे अन्य भाग त्यापूर्वी जातील. मात्र ती अविनाशी नाही. जेडेक या मानकसंस्थेच्या निकषानुसार ग्राहकवर्गातील एसएसडीने लेखनाची मर्यादा गाठल्यानंतर, वीज न मिळता ३० अंश सेल्सिअसला, माहिती किमान एक वर्ष टिकली पाहिजे. याचा अर्थ असा की कपाटात ठेवलेली झिजलेली एसएसडी दीर्घकाळच्या जपणुकीचे साधन नव्हे. अनित्यता सर्व साधनांना लागू असल्याने महत्त्वाच्या नोंदींची दुसरी प्रत वेगळ्या साधनावर ठेवणे हे आसक्तीचे लक्षण न मानता विवेकाचे मानले पाहिजे.

काढलेल्या ड्राइव्हविषयीचे कर्तव्यही याच विचारातून निघते. तिच्यात मालकाबरोबर इतरांचीही पत्रे, ओळखपत्रे आणि छायाचित्रे असतात, आणि फाइल पुसल्याने केवळ तिचा पत्ता मिटतो, मजकूर नव्हे. फिरत्या हार्ड डिस्कवर सर्व जागेत नव्याने लिहून मजकूर नष्ट करता येतो. एसएसडीवर नियंत्रक राखीव जागा दृष्टीआड ठेवतो म्हणून तिच्या स्वतःच्या सुरक्षित-विलोपनाच्या आदेशाचाच वापर करावा लागतो. त्यानंतर ती कचऱ्याच्या डब्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलनाकडे देणे आवश्यक आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अशा कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे.

या विवेचनाचा निष्कर्ष असा की जुन्या लॅपटॉपसाठी त्याच्या जोडणीला साजेशी साटा एसएसडी, प्रत्यक्ष गरजेच्या दुपटी-तिपटीपर्यंतची क्षमता, निवडून केलेले स्थलांतर, महत्त्वाच्या नोंदींची एक स्वतंत्र प्रत आणि जुन्या ड्राइव्हचे सुरक्षित विलोपन ही निवड तांत्रिक आणि नैतिक अशा दोन्ही दृष्टींनी युक्त ठरते. लॅपटॉपचा ‘तेच’पणा ज्या प्रयोजनावर टिकतो ते वापरणाऱ्याने स्वतःच ठरवायचे असते, ते ठरवण्याचे काम कोणत्याही ड्राइव्हवर सोपवता येत नाही.