‘चालतंय ना?’ एवढं पुरेसं आहे का?

समजा, प्रयोगशाळेतल्या सामाईक लिनक्स संगणकात एएमडीचं ग्राफिक्स कार्ड आहे आणि सुरू होताच स्क्रीन काळी पडते. तुम्ही बूट करताना ‘नोमोडसेट’ हा पर्याय देता. चित्र दिसतं, पण रेझोल्यूशन बहुधा १०२४ × ७६८ वगैरेवर अडकतं. कारण या पर्यायाने कार्डाचा ड्रायव्हर सुरूच होत नाही. चित्र काढण्याचं ओझं प्रोसेसरवर पडतं. मूळ दोष, म्हणजे अनेकदा जुनं कर्नल किंवा न बसवलेलं फर्मवेअर, तसाच राहतो.

तात्पुरता उपाय करण्यात गैर काही नाही. दुरुस्ती करायलाही आधी स्क्रीन दिसावी लागते. पण तीच ओळ ग्रबच्या फाइलमध्ये कायमची लिहून तुम्ही निघून गेलात तर? आपण पोस्टडॉक मंडळी दोन-तीन वर्षांची पाहुणी. नंतर येणारी व्यक्ती नवं कर्नल, फर्मवेअर सगळं बसवेल, तरी ड्रायव्हर चालणार नाही. मग ती केबलवर, मॉनिटरवर, शेवटी स्वतःच्या अकलेवर संशय घेईल. तुमचा वाचलेला तास तिच्या खात्यातून वजा होतो, आणि तिला ते कळतही नाही.

सगळंच मुळापासून दुरुस्त करायला कुणाकडे वेळ असतो? मान्य. पण त्या फाइलमध्ये # ने सुरू होणारी ओळ संगणक वगळतो. ती फक्त माणसांसाठी असते. तिथे तारीख आणि कारण लिहा. एवढं देणं आपण नक्कीच लागतो.