बांधणे आणि बांधून ठेवणे

आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना फिलिपिनो सहकारी आणि शेजारी नवे नाहीत. त्यांच्या तागालोग भाषेत बांधण्या-जोडण्याचे कितीतरी शब्द आहेत. दोरीने साधे बांधणे म्हणजे 'ताली', गाठ म्हणजे 'बुहोल'. दोरीच्या टोकाला दुसरी दोरी जोडून ती लांबवणे म्हणजे 'दुग्तोंग'; त्यावरूनच गोष्टीच्या पुढच्या भागाला 'कारुग्तोंग' म्हणतात. कैद्याचे हातपाय जखडणे म्हणजे 'गापोस', तर काड्यांची जुडी बांधणे म्हणजे 'बिग्किस'. माणसांच्या एकजुटीलाही बिग्किसच म्हणतात.

आपल्याकडे बंधन, बांधिलकी आणि बंधू हे एकाच धातूतून आले. म्हणून आपल्याला प्रश्न पडायला हवा, की दोरी एकच असताना गापोस कोणता आणि बिग्किस कोणते, हे ओळखायचे कसे?

माडाच्या हिरांचा खराटा कोकणात असतो तसा फिलिपिन्समध्येही असतो. सुटा हीर चटकन मोडतो. जुडीत बांधला की तोच अंगण झाडतो, आणि तरीही त्याचे वेगळेपण जात नाही. कैद्याला मात्र बांधल्यावर काहीच करता येत नाही. म्हणजे बांधल्यावर माणसाचे बळ वाढते की खुंटते, ही खरी कसोटी.

बांधणाऱ्याच्या मनात प्रेम आहे, एवढ्याने भागत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटाला, बेंबीवरून बांधायच्या पट्टीलाही तिथे बिग्किस म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या आयांनी ती मायेने बांधली. आता डॉक्टर सांगतात, पट्टी बांधू नका, नाळ उघडी राहिली तरच नीट वाळते.

परदेशात मुले वाढवताना आपण अशा कितीतरी पट्ट्या बांधतो. मराठी बोल, आपल्या माणसांत मिसळ, सण पाळ. यातून मुलाला आजीशी बोलता आले, चार घरे आपली वाटली, तर ते बिग्किस. पण त्याने वेगळी वाट निवडताच "आम्ही तुझ्यासाठी एवढे केले" असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच दोरीचा गापोस होतो. केलेले खरे असते, पण ते बोलून दाखवताच मुलाचे हात बांधले जातात.

मुले म्हणजे आपल्या गोष्टीचा कारुग्तोंग. पुढचा भाग मागच्याला जोडलेला असावा. त्याने मागचाच मजकूर पुन्हा लिहावा, असे नाही. जोडाची गाठ पक्की बांधणे आपल्या हाती आहे. पुढची दोरी त्यांची त्यांना वळू द्यावी.